तीट आणि लाली

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जालन्याच्या सिंधी बाजारातून ज्यांनी एखादी फेरी मारली असेल, त्यांना मी कोणत्या पेटीविषयी लिहितो आहे हे निराळे सांगावयास नको. गुलाबी रंग, झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा, झाकणावर कोणा परदेशी राजकन्येचे चित्र. आत प्लास्टिकची लिपस्टिक, गालांवर फिरवावयाचा कुंचला, नखे रंगवावयाच्या इवल्या बाटल्या, केस वाळवण्याचे खोटे यंत्र, केस कुरळे करण्याचा खोटा चिमटा आणि एक कंगवा. काही पेट्यांत हे सारे लुटुपुटीचे असते. काहींत रंग खरा असतो. आणि खालच्या कोपऱ्यात एक आकडा असतो : ३+. म्हणजे अजून 'र'ला 'ल' म्हणणारी, रात्री अंथरूण ओले करणारी मुलगी ही या पेटीची गिऱ्हाईक! अंबडला मत्स्योदरी देवीच्या यात्रेत हीच पेटी, राजूरला गणपतीच्या वाटेवरील दुकानांत हीच पेटी. आणि भाऊबीजेला बहिणीच्या घरी जाताना कोणी मामा भाचीसाठी म्हणून कौतुकाने घेऊन जातो तीही हीच.

मला या पेटीविरुद्ध लिहावयाचे आहे. सणासुदीच्या अंकात असा कडू विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट चिरडून त्याचा कडू थेंब जिभेला लावण्याची आपल्याकडे रीत आहेच. या लेखाला वाचकांनी तेवढाच मान द्यावा आणि मग खुशाल फराळाकडे वळावे.

माझे म्हणणे असे, की पाच-सहा वर्षांच्या आतील मुलीच्या हाती नट्ट्यापट्ट्याची ही पेटी देऊ नये. खऱ्या रंगाची तर देऊच नये, पण लुटुपुटीचीही देऊ नये. मुलाने खेळात कोणीतरी व्हावे हे चांगले. मुलाने खेळात केवळ 'दिसावे' हे चांगले नव्हे. आणि ही पेटी दिसण्यावाचून दुसरे काही शिकवीत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मी शृंगाराचा वैरी नाही. ज्या जिल्ह्यात मी राहतो तेथे राहून तसे होताही येणार नाही. आमचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ च्या सुमारास तेथे उत्खनन झाले, त्यात सातवाहनकाळातील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भग्न भाग हाती आला. तिकडे इटलीत पॉम्पेई नावाचे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तेथे १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. या दोहोंत इतके साम्य आहे, की पॉम्पेईची मूर्ती आमच्याच बाजूला घडली असावी असे काही विद्वान मानतात. तेरला मिळालेली हस्तिदंती मूर्तीही याच घराण्यातली. पॉम्पेईच्या मूर्तीत मध्यभागी दागिन्यांनी मढलेली प्रौढ स्त्री उभी आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना, हातांत प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दोन छोट्या परिचारिका आहेत. ही मूर्ती आरशाची मूठ असावी, असाही एक तर्क आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातली बाई आरशात पाहून नटत होती आणि तिच्या त्या नटण्याची कीर्ती रोमन लोकांपर्यंत पोचली होती, ही गोष्ट मला तरी अभिमानाची वाटते. बायकांनी ओठ रंगवले की संस्कृती बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसावयाचे नाही. पण शृंगार हा वयात आलेल्या माणसाचा, त्याने स्वतःच्या खुशीने करावयाचा विषय आहे. तो तीन वर्षांच्या पोरीच्या गळ्यात आपण बांधावयाचा विषय नव्हे.

आता प्रतिपक्षाकडे वळतो. 'मुलगी आईचे अनुकरण करते, त्यात काय बिघडले?' हा पहिला आक्षेप, आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. आई आरशापुढे बसली की पोर मागे उभी राहून हातातला चमचा ओठांवरून फिरवते, हे कोणी पाहिलेले नाही? फिरवू द्या. तीच पोर ओढणीची साडी नेसते, बाबांचा चष्मा लावते, आजोबांसारखी खाकरते आणि एस.टी.च्या कंडक्टरसारखी 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून सगळ्या घराला दटावते. दहा मिनिटांत ती आई होते, मास्तरीण होते, डॉक्टरीण होते आणि अकराव्या मिनिटाला कुत्रा होऊन पलंगाखाली शिरते. हे खरे अनुकरण. त्याला पेटी लागत नाही, चमचा पुरतो.

पेटी मात्र हे अनुकरण मोकळे राहू देत नाही. मुलीची आई सकाळी डबे भरते, गॅसच्या टाकीचा नंबर लावते, शेतात निंदायला जाते किंवा कचेरीत फायली उपसते, सासूची औषधे ध्यानात ठेवते आणि यांतून वेळ मिळाला तर दोन मिनिटे आरशापुढे उभी राहते. कारखानदार नेमकी ती दोन मिनिटे निवडतो, त्यांना गुलाबी रंग देतो, त्यांच्याभोवती पंचवीस तुकड्यांचा पसारा मांडतो आणि मुलीपुढे ठेवून म्हणतो, 'ही घे तुझी आई!' यात अनुकरण कोठे राहिले? ही तर आईची विटंबना झाली.

भातुकलीवरही हाच आक्षेप येतो, असे माझ्या एका मित्राने मला ऐकवले. चूलबोळक्यांनी मुलींना जन्मभर चुलीपाशी बांधून ठेवलेच की! बांधले, हे मला मान्य आहे. आणि सावंतवाडीची ती रंगीत लाकडी भांडी आता मुलग्यांच्याही हाती द्यावीत असे मी त्याला सांगितले. परंतु भातुकलीत मूल कर्ते असते, ही गोष्ट विसरता येत नाही. ते चुरमुऱ्यांचा भात रांधते आणि दुसऱ्याला वाढते. त्याला पाहुणे लागतात, पाहुण्यांशी भांडण लागते, मीठ जास्त झाले म्हणून रुसणारा कोणी लागतो, आणि मग त्या रुसलेल्याची समजूत घालावी लागते. पेटीपुढे बसलेल्या मुलीला कोण लागते? एक आरसा, आणि रंगरंगोटी आटोपल्यावर 'मी कशी दिसते?' हे विचारण्यासाठी एक मोठे माणूस. भातुकलीत तिचे डोळे जगाकडे असतात. येथे तिला जगाच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहावयास बसवले आहे.

हाच न्याय बाहुल्यांना लावावा. आपल्या जुन्या लाकडी ठकीला चिंध्यांचे परकर नेसवीत, कुंकू लावीत, तिचे लग्न लावीत; पण नटणारी ठकी असे आणि नटवणारी मुलगी असे. म्हणून हल्ली केस विंचरण्यासाठी बाहुलीचे नुसते डोके मिळते, त्याला माझा विरोध नाही. (दिसावयास ते जरा भयंकर दिसते, ही गोष्ट वेगळी.) तीन पेडांची वेणी घालावयास शिकणे हे बोटांचे चांगले शिक्षण आहे. घरात ज्याला वेणी घालता येत नाही असा एखादा बाप असेल, तर त्यालाही ते डोके सरावाला उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप आजीबाईंकडून येतो. 'आम्ही काय पोरांना नटवीत नव्हतो? काजळ होते, वाळे होते, कुंची होती, तीट होती.' आजीबाई, आपण तीट म्हणालात, हे फार बरे केलेत. कारण माझा सगळा मुद्दा त्या एका ठिपक्यात आहे.

तीट कशासाठी लावीत? मूल देखणे दिसावे म्हणून नव्हे. ते फार देखणे दिसू नये म्हणून! न्हाऊमाखू घातलेले, पावडर लावलेले गोजिरे मूल कडेवर घेऊन बाहेर पडावयाचे, आणि पडण्यापूर्वी त्याच्या गालावर किंवा हनुवटीवर काजळाचा एक वेडावाकडा ठिपका देऊन त्या सगळ्या देखणेपणाला मुद्दाम खोट लावावयाची. मुलग्यालाही लावावयाची, मुलीलाही लावावयाची. दृष्ट लागण्यावर माझा विश्वास नाही. पण परक्या नजरांनी निरखत बसावे अशी ही वस्तू नव्हे, हे त्या ठिपक्यातून न शिकलेल्या बायाही जगाला बजावीत असत. लालीचे काम नेमके याच्या उलट. तीट म्हणते, 'पाहू नका.' लाली म्हणते, 'पाहा.' तीट लावणारी आजी आणि लाली आणणारा मामा हे एकाच परंपरेतले, असे कृपा करून कोणी मला सांगू नये.

तीच गोष्ट बोरन्हाणाची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हातरी लहान मुलाला काळे झबले घालून हलव्याचे दागिने चढवतात : मुकुट, हार, बाजूबंद, कोणाच्या हाती बासरी. मग डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा ओततात. भोवतालची पोरे त्यांवर तुटून पडतात आणि उत्सवमूर्ती एक तर रडू लागते किंवा आपलाच बाजूबंद चोखू लागते. जो शृंगार दिवेलागणीपर्यंत खाऊन संपतो, त्याने कोणाचे मन बिघडल्याचे ऐकिवात नाही. तो शृंगार त्या मुलाने दिसावे म्हणून नसतो. गल्लीतल्या पोरांनी लुटावे म्हणून असतो.

मात्र आजीबाईंची सगळीच बाजू मी घेणार नाही. तीट हनुवटीवर शोभते. तान्ह्याच्या डोळ्यांत बोटाने काजळ घालणे हे मुलांचे डॉक्टर नको म्हणतात आणि त्यांचे ऐकले पाहिजे. सुरम्याची गोष्ट तर आणखी वाईट. पुष्कळशा सुरम्यात गॅलेना नावाचे खनिज असते, म्हणजे शिशाचे संयुग. अमेरिकेत तर असला सुरमा प्रसाधनाचा रंग म्हणून वापरण्यास परवानगीच नाही. जुने म्हणजे सगळे सोने नव्हे, हे सांगितल्यावाचून नव्यावर टीका करण्याचा मला अधिकार पोचत नाही.

तिसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. 'सोंगाशिवाय खेळ कसला? आणि रंगाशिवाय सोंग कसले?' अगदी खरे. ज्या महाराष्ट्रात नारायणराव राजहंस हा पुरुष स्त्रीवेश घेऊन बालगंधर्व झाला आणि घरंदाज बायकांनी त्याच्या साडी नेसण्याची, अंबाडा बांधण्याची नक्कल केली, त्या महाराष्ट्रात रंगपेटीला नावे ठेवून चालेल कसे? पण नट आरशापुढे बसतो तो शकुंतला होण्यासाठी, भामिनी होण्यासाठी. आणि पडदा पडला की रंग पुसतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात चार वर्षांची पोर वाघ होते, तेव्हा तिच्या तोंडाला पिवळाकाळा रंग फासतात. ती वाघीण आपण कशी दिसतो म्हणून आरशात पाहत नाही. आपली डरकाळी शेवटच्या बाकापर्यंत पोचते की नाही, एवढीच तिला चिंता असते. तिला जिजाऊ करा, जांभळाचे झाड करा, चेटकीण करा. भावाबहिणींनी मिळून एकमेकांची तोंडे रंगवून घर डोक्यावर घेतले तरी माझी हरकत नाही. या पेटीने मुलगी काय होते? सुंदर होते. बस्स. आणि 'सुंदर' हे सोंग असे आहे की पडदा पडल्यावरही ते उतरवता येत नाही. खेळ संपल्यावर कोरा चेहरा हा काहीतरी उणा असलेला चेहरा वाटू लागतो.

हे सारे एका म्हाताऱ्याचे तर्कट आहे, असे एखादी तरुण आई म्हणेल. तिच्यासाठी एक प्रयोग सांगतो. २०१४ साली ऑरोरा शेरमन आणि आयलीन झुर्ब्रिगन या अमेरिकन संशोधिकांनी चार ते सात वर्षांच्या ३७ मुली घेतल्या आणि त्यांना पाच मिनिटे खेळावयास सोडले. काहींना नटवी बार्बी बाहुली दिली, काहींना डॉक्टरणीच्या वेशातली बार्बी दिली आणि काहींना बटाट्याच्या आकाराची, नाककान जोडावयाची 'मिसेस पोटॅटो हेड' दिली. मग दहा व्यवसाय दाखवून विचारले, की यांतले मोठेपणी तू काय काय होऊ शकशील आणि एखादा मुलगा काय काय होऊ शकेल? बार्बीशी खेळलेल्या मुलींनी मुलग्यांपेक्षा स्वतःला कमी व्यवसाय दिले; त्या बार्बीच्या अंगावर डॉक्टरणीचा डगला असूनही दिले. बटाट्याशी खेळलेल्यांनी दोघांना जवळजवळ सारखेच दिले. ३७ मुली म्हणजे काही फार नव्हेत आणि पाच मिनिटांवरून जन्माचा हिशेब मांडू नये, हे मला समजते. पण अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. मुलींना लहानपणापासून देहाच्या रूपावरून मोजले, तर पुढे त्यांच्यात खाण्यापिण्याचे विकार, खिन्नता आणि स्वतःविषयीचा कमीपणा यांचा संबंध दिसतो, असेच त्यात सांगितले आहे. ज्या देशाने १९५९ साली बार्बी जगाला दिली, त्याच देशातले शहाणे लोक आज हे सांगत आहेत. आपण बाहुली तेवढी घेतो, अहवाल घेत नाही.

आता त्या ३+ विषयी. पुष्कळ आईबापांना वाटते, की तीन वर्षांनंतर हे खेळणे मुलाला योग्य आहे असे कोणी तज्ज्ञाने ठरवून दिले आहे. तसे काही नाही. तीन वर्षांच्या आतले मूल सुटे तुकडे तोंडात घालते, ते घशात अडकून गुदमरते, म्हणून ही सीमा आहे. तो आकडा घशाचा आहे, मनाचा नव्हे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची आय.एस.आय. मोहोर सक्तीची झाली. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील शिसे वगैरे विषारी द्रव्यांनाही तिच्यात मर्यादा घातलेली आहे. पेटी घ्यावयाचीच असेल तर निदान ती मोहोर तरी पाहावी. खरा रंग असेल तर तो प्रसाधनांच्या कायद्याखाली येतो. त्यावर उत्पादकाचे नाव-गाव, परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी, मुदत, हे सारे छापलेले असले पाहिजे. यात्रेतल्या गाड्यावर मी जेवढ्या पेट्या उलटून पाहिल्या, त्यांच्या पाठीवर राजकन्येच्या मैत्रिणींच्या चित्रांवाचून दुसरे काही नव्हते. लहान मूल ओठांचा रंग चाटते, नखे चोखते. आणि पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चारपाच पट त्याच्या अंगात मुरते. शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. हा काही केवळ यात्रेतल्या स्वस्त मालाचा दोष नव्हे. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने क्लेअर्स आणि जस्टिस या मुलींच्या झगझगीत दुकानांतील काही प्रसाधनांत ॲस्बेस्टॉस सापडल्याचे जाहीर केले होते. डोळ्यांवर आणि गालांवर लावावयाची पूड होती ती!

परंतु उद्या अगदी शुद्ध, तुपासारखा निर्मळ रंग कोणी भरून दिला, तरी माझा विरोध उरतोच. त्याचे कारण मी कोठे राहतो त्यात आहे.

'मुलगी दाखवणे' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहज करतो, की त्यातले भीषण आपल्याला दिसेनासे झाले आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचे लग्न १८ वर्षांपूर्वी झाले, हे मोजले आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण २१.९ टक्के निघाले. आमच्या शेजारी परभणीला ४८ टक्के, बीडला ४३.७ टक्के, आणि जालना काही मागे नाही, तेथेही सुमारे तिसरा हिस्सा. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय १४ केले, तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते आणि तो कायदा तेथे चालत नव्हता. (हा कायदा देवलांच्या 'संगीत शारदा'वरून निघाला असे अजूनही पुष्कळांना वाटते. त्याचा जनक हरबिलास सारडा. नावाचा निव्वळ योगायोग आहे.) १९७८ साली वय १८ झाले, २००६ साली आणखी कडक कायदा आला. कायद्यांनी वय वाढवले आणि मांडवांनी ते चोरले. आमच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत समर्थ रामदास जन्मले. बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवात 'सावधान' हा शब्द ऐकताच ते पळून गेले, अशी कथा आहे आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगतो. पण अंतरपाटाच्या पलीकडे नटवून उभी केलेली जी मुलगी होती, ती का पळाली नाही, हे आपण कधी विचारले आहे काय?

गुलाबी पेटीमुळे बालविवाह होतात, असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. ते होतात गरिबीमुळे, आठवीनंतरची शाळा लांब असल्यामुळे, ऊसतोडीला 'कोयता' म्हणजे जोडपेच लागत असल्यामुळे, आणि वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवून जावे या आईबापांच्या भीतीमुळे. मात्र ज्या समाजात मुलीला बारा-पंधरा वर्षांनी दाखवावयाचेच आहे, त्या समाजात तिसऱ्या वर्षापासून तिला दिसावयास शिकवणे हा निष्पाप खेळ राहत नाही. शहरातल्या सुखवस्तू आईला हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटेल. तिने एकदा पाहावे : पेटी लावून बाहेर आलेल्या चार वर्षांच्या पोरीला पाहून बैठकीतले पाहुणे पहिले वाक्य कोणते बोलतात? 'अगबाई, नवरी झाली की आमची!' शंभरातले नव्वद जण हेच बोलतात, आणि मुलगी लाजते. चार वर्षांच्या मुलीला लाजता येणे, हेच मला अभद्र वाटते.

आणि मुलग्यांचे काय? त्याच दुकानात समोरच्या फळीवर त्यांच्यासाठी मालमोटार आहे, खोदणारे यंत्र आहे, विमान आहे, दुर्दैवाने बंदूकही आहे. ज्या जालन्यात पोलादाच्या सळया ओतल्या जातात, जेथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी संकरित बियाण्यांची कंपनी काढून देशाच्या शेतीत स्वतःची जागा केली, त्या गावच्या मुलीला सळई कशी होते, बी कसे रुजते हे खेळण्यातून दाखवावे असे एकाही व्यापाऱ्याला सुचत नाही. नटणे जर इतके निरुपद्रवी आहे तर पेटी निळी करून मुलग्यांच्या फळीवर का ठेवीत नाहीत? ठेवणार नाहीत, कारण माल काय आहे हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. मुलीला तिच्या चेहऱ्यात काहीतरी उणे आहे हे तिसऱ्या वर्षी पटवले, की ती पुढली साठ वर्षे गिऱ्हाईक राहते. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींचे नियम घातले. मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी वाईट भावना उत्पन्न करणारी जाहिरात करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. नियम जाहिरातीला आहे. खेळणेच जेव्हा जाहिरात होते, तेव्हा काय करावे, हे त्यात लिहिलेले नाही.

मग मुलांना आरसा दाखवूच नये काय? दाखवावा, आणि रोज दाखवावा. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघांनी ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या पोरांत नेले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी ही कल्पना रुजली. आज गावोगाव ज्या अंगणवाड्या आहेत त्यांचे मूळ तेथे आहे. तेथे अक्षरांच्या आधी अंघोळ आली, नखे कापणे आले, केस विंचरणे आले. माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या, त्यांच्याही पद्धतीत मुलाने स्वतःचे हात धुणे, स्वतःची बटणे लावणे, स्वतःचे केस विंचरणे हे कामच आहे. आणि त्यासाठी खरी फणी, खरे पाणी, खरा आरसा मुलाच्या उंचीवर ठेवलेला असतो. मूल आरशात पाहते ते नाक पुसले गेले की नाही हे पाहण्यासाठी. त्या आरशात आणि पेटीच्या झाकणातल्या आरशात जे अंतर आहे, तेच मी इतका वेळ सांगतो आहे. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या. मुलीला नटवून मांडवात उभे करणे म्हणजे काय, हे त्या बाईला कोणी पुस्तकातून शिकवण्याची गरज नव्हती. तिने पोरांच्या हाती फणी दिली, पाने दिली, बिया दिल्या, शंखशिंपले दिले.

भाऊबीजेला भाचीसाठी काय न्यावे, असे कोणी मामा मला विचारील, तर त्याला मी सांगेन : मातीची बोळकी ने, लगोरी ने, रंगीत खडू ने, एक भिंग ने. भिंगातून मुंगी पाहिलेली चार वर्षांची मुलगी तासभर जागची हलत नाही, आणि 'मी कशी दिसते?' असे एकदाही विचारीत नाही. किंवा तिला खांद्यावर बसवून मोती तलावावर घेऊन जा. त्याला पैसेही पडत नाहीत.

आणि पेटी घरात आलेलीच असेल, तर देणाऱ्याचा अपमान करू नये. त्याने प्रेमानेच दिलेली असते. रंगाच्या बाटल्या केरात टाकाव्यात, खोट्या यंत्राने बाहुलीचे केस वाळवावेत, झाकणाचा आरसा काढून कवडसे पाडावयास द्यावा. कंगवा मात्र ठेवून घ्यावा. त्याचा उपयोग आहे.